पुणं पायी बघायचं तर: पेठांचा एक दिवस, टेकडी-नदीचा दुसरा

पुणं बघायला येणाऱ्यांची एक ठरलेली चूक असते. गाडी घेऊन शनिवारवाड्यापाशी येतात, अर्धा तास पार्किंग शोधतात, वाड्यात वीस मिनिटं फिरतात आणि "आत काही नाहीच" म्हणत बाहेर पडतात. वाड्यात काय बघायचं ते माहीत नसतं, आणि पेठांत गाडी चालवायची नसते हेही माहीत नसतं. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जाणारा एकेरी, बाजीराव रस्ता उलट दिशेचा एकेरी. एखादं वळण चुकलं की अख्ख्या शहराला फेरा. हीच ठिकाणं पायी केली तर पहिल्या दिवसाचं सगळं चालणं पाचेक किलोमीटरच्या आत बसतं.

गाडी घरी किंवा हॉटेलावर ठेवा आणि मेट्रो धरा. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारा मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर जुन्या शहराच्या पोटातून सुरू झाला, आणि कसबा पेठ व मंडई ही दोन भुयारी स्थानकं पेठांच्या ऐन मध्यात उघडली. कोथरूड, वनाझ किंवा पुणे स्टेशनकडून येत असाल तर जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते. तिथे एक मार्ग उंचावर आणि दुसरा जमिनीखाली तेहतीसेक मीटर खोल आहे. सरकत्या जिन्यांवरच दहा मिनिटं जातात, ती हिशेबात धरा.

निघण्यापूर्वी वार बघा. लक्ष्मी रस्त्यावरची आणि तुळशीबागेच्या आसपासची बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं रविवारी. खरेदी आणि पुस्तकं दोन्ही हवी असतील तर मंगळवार ते शनिवार यांतला दिवस घ्या. गणेशोत्सवाचे दहा दिवस हा वेगळाच प्रकार आहे. तेव्हा पेठांत देखावे बघायला यावं, इमारती बघायला नाही. पायांत घालकाढ करायला सोपं असं काही असू द्या, कारण वाटेत किमान पाच ठिकाणी पादत्राणं काढावी लागतात. प्रत्येक वेळी बुटाची नाडी सोडत बसलात तर अर्धा तास त्यातच जातो.

पहिला दिवस: कसब्यापासून मंडईपर्यंत

सकाळी सात-साडेसातला कसबा पेठ स्थानकात उतरा. लगेच शनिवारवाड्याकडे वळू नका. आधी पूर्वेला सोमवार पेठेत, कमला नेहरू रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, त्रिशुंड गणपतीचं देऊळ गाठा. पुण्यातले अर्धे लोक इथे कधी आलेले नसतात. काळ्या दगडातलं, शिखर नसलेलं हे देऊळ भीमगिरजी गोसाव्यांनी १७५४ मध्ये बांधायला घेतलं आणि १७७० मध्ये त्यात गणपतीची स्थापना झाली. मूर्ती मोरावर बसलेली आणि तीन सोंडांची.

पण थांबायचं ते दर्शनी भिंतीसमोर. घाई न करता पंधरा मिनिटं द्या. दरवाज्याच्या दोन्ही अंगांना द्वारपाल आहेत, वरचा भार डोक्या-खांद्यावर तोललेले यक्ष आहेत, झुंजणारे हत्ती आहेत. त्यांच्याच पंक्तीत एक पट्टी अशी आहे की जिच्यात बंदुका घेतलेले गोरे शिपाई एका गेंड्याला साखळदंडांनी बांधताहेत. पेशवाई भरात असताना कोरलेलं हे शिल्प आहे. बंगाल आणि आसाम गिळायला निघालेल्या इंग्रजाचं ते व्यंगचित्र असावं, असा एक अर्थ लावतात. अर्थ कोणताही घ्या, देवळाच्या भिंतीवर राजकारण कोरायचं धाडस कोणीतरी केलं होतं एवढं नक्की. सकाळचा तिरका प्रकाश असतो तेव्हा कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी काळ्या दगडात सगळं एकजीव होऊन जातं, म्हणूनच हे देऊळ पहिलं. खाली तळघर आहे, ते फक्त गुरुपौर्णिमेला उघडतात. इतर दिवशी पुजाऱ्यांना गळ घालण्यात अर्थ नाही.

तिथून पश्चिमेला परत कसब्यात. वाटेत जो नाल्यासारखा प्रवाह ओलांडता तो नागझरी. जुनं पुणं या नागझरीच्या आणि मुठेच्या बेचक्यात वसलं. कसबा ही सगळ्यात जुनी वस्ती, वारांची नावं असलेल्या पेठा नंतरच्या. कसबा गणपती हे ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला गणपती. देऊळ लहानसं आहे, लाकडी सभामंडप मात्र मुद्दाम मान वर करून बघा. बाहेर पडून हाकेच्या अंतरावर लाल महाल. इथे एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी: समोर दिसते ती इमारत शहाजीराजांच्या काळातली नाही. मूळ वाडा कधीच नाहीसा झाला. आजची वास्तू महापालिकेने १९८० च्या दशकात उभारली. शाएस्तेखानावरचा १६६३ चा छापा जिथे पडला ती जागा म्हणून बघा, वास्तू म्हणून नव्हे. दहा मिनिटं पुरे.

आता शनिवारवाडा. साधारण आठला तिकीट खिडकी उघडते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही. बाकीच्यांनी मोबाइलवर कोड स्कॅन करून तिकीट काढलं तर ते खिडकीपेक्षा थोडं स्वस्त पडतं आणि सुट्या पैशांची कटकट वाचते. सुट्टीच्या दिवशी दहानंतर शाळांच्या सहली सुरू होतात, त्याआधी आत असा.

आत शिरण्याआधी दिल्ली दरवाज्यासमोर उभे राहा. उत्तरेकडे तोंड असलेला हा मुख्य दरवाजा. फळ्यांवरचे पोलादी सुळे जमिनीपासून किती उंचीवर सुरू होतात ते बघा. हत्तीच्या कपाळाची ती उंची. दरवाजा फोडायला हत्तीने धडक द्यायची असते ती कपाळाने. उजव्या फळीत एक छोटी दिंडी आहे. माणसाने त्यातून वाकूनच आत यायचं, म्हणजे मोठा दरवाजा उघडायची वेळच येऊ नये. आत पाऊल टाकताच वाट एकदम काटकोनात वळते. सरळ धावत आलेल्या फौजेचा जोर तिथेच मोडतो. सगळ्या चढाईत एवढी युक्ती पुरते, आणि बहुतेक लोक सेल्फी काढत तिच्यावरून निघून जातात.

पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, आणि पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये असा नोंदलेला आहे. तट आणि बुरूज नंतरचे. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. वाड्यांची बांधणीच अशी असे: खाली घडीव दगडाचं जोतं, वर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटा. लाकूड जळालं तेव्हा वरचे मजले कोसळले आणि जोती तेवढी उरली. म्हणून आत "काही नाही" असं वाटतं.

ते वाचायचं कसं? गवतातल्या जोत्यांवर ठरावीक अंतराने चौकोनी दगड दिसतील, मधोमध खोबण असलेले. ते तळखडे. प्रत्येकावर एक लाकडी खांब उभा होता. ओळीने तळखडे मोजत चाला: जिथे ते चारी बाजूंनी रिकाम्या चौकोनाला घेरतात तो चौक, जिथे दाट रांगा आहेत तो दिवाणखाना. पाच मिनिटांत जमिनीवर नकाशा उमटायला लागतो. मुलं बरोबर असतील तर त्यांना चौक शोधायच्या कामाला लावा, कंटाळत नाहीत.

हजारी कारंजं सोळा पाकळ्यांच्या कमळासारखं आहे. पंपाशिवाय ते उडायचं, कारण पाणी उंचावरून यायचं. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ नंतर कात्रजहून जमिनीखालून नळ आणला, वाटेत हवा कोंडू नये म्हणून उच्छ्वास ठेवले, आणि शहरात ठिकठिकाणी हौद भरले. कसब्याच्या आसपास ज्या चौकांच्या नावात अजून "हौद" आहे ती त्याच पाण्याची आठवण. निघताना तटावर चढा, नगारखान्यातून समोरचं पटांगण आणि बाजीरावांचा पुतळा दिसतो. पायऱ्या उंच आणि गुळगुळीत आहेत, पावसाळ्यात जपून. दक्षिणेचा नारायण दरवाजाही बघून घ्या. ३० ऑगस्ट १७७३ ला वाड्यात खून झालेल्या नारायणरावांचं पार्थिव याच वाटेने नेलं म्हणून ते नाव. पौर्णिमेच्या रात्री हाक ऐकू येते वगैरे कथा रिक्षावाल्यांकडून फुकट मिळतील. वाडा संध्याकाळीच बंद होतो, तेव्हा खात्री करून घेण्याची सोय नाही.

वाड्याला तास-सव्वा तास द्या आणि शिवाजी रस्त्याने दक्षिणेला चाला. दहाच मिनिटांवर दगडूशेठ हलवाई गणपती. रांग बघून घाबरायचं कारण नाही. मूर्ती रस्त्यावरूनही दिसते, आणि वेळ कमी असेल तर मुखदर्शन घेऊन पुढे जाणं पुणेकरही करतात. मंगळवार आणि संकष्टी टाळा. समोरच्या बाजूला भिडे वाड्याची जागा आहे. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथे सुरू केली. जीर्ण वाडा २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाडला आणि तिथे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. जुन्या फोटोतला वाडा शोधत फिरू नका. दर्शनाला येणाऱ्या हजारोंपैकी फार थोडे रस्त्यापलीकडे मान वळवतात, हे मात्र खटकतं.

इथून पश्चिमेला तांबडी जोगेश्वरी, तिथून अप्पा बळवंत चौक. पुस्तकं घ्यायची असतील तर आत्ता यादी देऊन ठेवा आणि संध्याकाळी घ्या. दिवसभर ओझं वागवू नका. बाजीराव रस्त्याने दक्षिणेला गेलं की विश्रामबागवाडा. शनिवारवाड्यात जे जळालं ते इथे उभं आहे, म्हणूनच हा क्रम. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा १८०७ मध्ये पूर्ण झाला. दर्शनी सज्जाखालचे लाकडी खांब सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरलेले आहेत. त्यांचे तळखडे बघा आणि सकाळचे रिकामे तळखडे आठवा. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं. दुरुस्तीमुळे वरचा भाग कधी बंद असतो. तसं असलं तर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून सज्जा बघा, खरं देखणेपण तिथूनच दिसतं.

रस्ता ओलांडून तुळशीबागेत शिरा. बांगड्या, भातुकली, पितळी उपकरणी यांच्या गर्दीत राममंदिर हरवल्यासारखं झालंय, पण कमानीतून आत गेलं की एकदम शांतता. भाव करायचा तर बाहेरच्या पथाऱ्यांवर. भांड्यांच्या जुन्या दुकानांत वजनावर दर असतो, तिथे घासाघीस करून फक्त चेहरे पडतात. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात.

तुळशीबागेतून बाहेर आलं की मंडई. अष्टकोनी मनोरा आणि त्यातून फुटलेल्या बाहू अशी ही इमारत १८८६ मध्ये खुली झाली. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती रे मार्केट होती, पुढे महात्मा फुले मंडई झाली. गंमत अशी की नगरपालिकेचे सदस्य असताना याच बाजाराच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा म्हणून. मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा. जुने ओटे उंच आहेत आणि भाजीवाले त्यावर चढून बसतात, गिऱ्हाईक खाली. भाव विचारताना मान वर करावी लागते ती अशी.

जेवण साडेबारा ते दीडच्या दरम्यान उरका. पेठांतल्या खाणावळी अडीच-तीनला झाकण टाकतात आणि उशिरा आलेल्याला पोळ्या संपल्याचं तोंडावर सांगतात. दुपारी एक ते चार दुकान बंद ही पुणेरी प्रथा आता बरीच सैलावली आहे, पण संपलेली नाही. जेवणावर मस्तानी घ्यायची तर दोघांत एक पुरते. घट्ट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, हे पेय म्हणून पिऊन लगेच चालायला निघालात तर पुढचं संग्रहालय जांभया देत बघाल.

त्या संग्रहालयासाठी दुपार राखून ठेवलीय ती उन्हासाठीच. राजा दिनकर केळकर संग्रहालय बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत आहे. दिनकर केळकरांनी लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते उभं केलं आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केलं. संग्रहात वीसेक हजार वस्तू आहेत, मांडलेला त्यातला थोडाच भाग. राजेरजवाड्यांच्या तलवारी बघायला दुसरी संग्रहालयं आहेत. इथे बघायचे ते अडकित्ते, दिवे, कुलपं, वज्री, फणेरपेट्या, सारीपाट. अडकित्त्यांच्या कपाटाशी थांबा. सुपारी कातरायच्या हत्याराला कोणी पोपटाचं तोंड दिलंय, कोणी घोड्याचं, कोणी मिठीतल्या जोडप्याचं. वज्री म्हणजे आंघोळीला टाच घासायची, तिच्यावरही मोर बसलेला. कोथरूडहून हलवून पुन्हा जोडलेला मस्तानी महालही इथेच. दीड तास लागतो. साडेचारच्या आत पोचा, नाहीतर शेवटच्या दालनांत दिवे मालवत मागे येतात.

पायांत अजून जोर असेल तर मंडईवरून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटांवर फुले वाडा. जुनी गंज पेठ, आता महात्मा फुले पेठ. कौलारू, बैठं घर. अंगणात जोतीरावांची समाधी आणि ती विहीर, जी त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुली केली. दिवसभर पेशव्यांचं पुणं बघून झाल्यावर या अंगणात टेकावं. शहराचा दुसरा अर्धा इथे आहे. परतीला मंडई स्थानक.

दुसरा दिवस: पर्वती, पाताळेश्वर, येरवडा

मेट्रो सहाला सुरू होते. स्वारगेटला उतरून पर्वतीच्या पायथ्याशी रिक्षाने जा. मीटर टाकायला सांगा, नाही म्हटलं तर पुढची रिक्षा, वाद नको. पायऱ्या १०३. रुंद आणि बुटक्या आहेत, म्हणून सोप्या वाटतात, पण प्रत्येक पायरीवर दीड पाऊल पडतं आणि लय बसत नाही. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी कडेने, तिरकं चढावं. साडेआठनंतर दगड तापतो, आणि देवळात अनवाणी फिरायचंय.

देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. पानिपतच्या बातमीने खचून परतलेले नानासाहेब २३ जून १७६१ ला इथेच वारले. याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून १९२९ मध्ये दलितांनी सत्याग्रह केला होता. वरच्या तटावरून शहर दिसतं. आदल्या दिवशी चाललेल्या पेठा झाडांच्या मागे, दाट आणि बसक्या दिसतात.

खाली उतरून सारसबाग. गणपती तळ्यातला, तळं मात्र केव्हाच बुजवून बाग झालेली. १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात देऊळ झालं. नाश्ता बाहेरच्या गाड्यांवर.

तिथून जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळात अखंड बसाल्टात खोदलेलं लेणं, आणि ते शहरातल्या सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यापासून पन्नास पावलांवर. रस्त्याच्या पातळीखाली असल्यामुळे पाटी चुकली तर समोरून जाऊनही दिसत नाही. समोरचा गोल नंदीमंडप आधी बघा. तो बांधलेला नाही, भोवतालचा खडक काढून मागे ठेवलेला आहे, छतासकट. चौकोनी खांबांवर छिन्नीच्या खुणा हाताला लागतात. डावीकडच्या ओवऱ्या अर्धवट सोडलेल्या आहेत, म्हणजे काम कुठे थांबलं ते कळतं. पावसाळ्यात फरशी निसरडी होते. शेजारीच जंगली महाराजांची समाधी.

जवळच्या छत्रपती संभाजी उद्यान स्थानकातून रामवाडीकडची गाडी धरा आणि कल्याणीनगरला उतरा. आगाखान पॅलेस तिथून थोडक्या अंतरावर, पण नगर रस्ता ओलांडणं जिवावरचं काम आहे. सिग्नललाच ओलांडा. तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधलेला हा प्रासाद. ऑगस्ट १९४२ पासून ६ मे १९४४ पर्यंत गांधीजी इथे नजरकैदेत होते. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आठवड्याच्या आत, १५ ऑगस्ट १९४२ ला गेले, कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला. कमानींचे फोटो काढून लोक परत फिरतात. तसं करू नका, मागच्या बागेत या दोघांच्या समाध्या आहेत. खोल्यांतली मांडणी साधी आहे, वस्तू थोड्या. कस्तुरबांच्या खोलीपाशी जरा थांबा.

संध्याकाळ मोकळी असेल तर दोन पर्याय. वानवडीत शिंदे छत्री, महादजी शिंद्यांचं स्मारक, मावळतीच्या उजेडात पिवळा दगड सुरेख दिसतो. किंवा कोथरूडला छोट्या रेल्वेंचं जोशी संग्रहालय, १ एप्रिल १९९८ ला उघडलेलं. त्याचा खेळ ठरलेल्या वेळी आणि पुरेशी माणसं जमल्यावरच होतो, त्यामुळे फोन करूनच जा.

कारखान्यांचं पुणं बघायचं म्हणणारेही असतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, आकुर्डी इथले कारखाने परवानगीशिवाय फाटकाबाहेरूनच दिसतात. तरी पिंपरी-चिंचवड स्थानकापर्यंत एकदा मेट्रोने जाच. दापोडी ओलांडली की मुंबई रस्त्याच्या कडेने औद्योगिक पट्टा डब्याच्या खिडकीतून उलगडत जातो. पेनिसिलीनसाठी १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स याच पट्ट्यात, पिंपरीत. शेवटच्या स्थानकावरून रिक्षाने चिंचवडगाव: पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी, मंगलमूर्ती वाडा, आणि २२ जून १८९७ ला प्लेगचा इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडणाऱ्या चापेकर बंधूंचं गाव हेच. चतुर्थीला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. ऐन पावसात पवना घाटावर चढते, तेव्हा समाधीपर्यंत जाता येईल की नाही ते आधी रिक्षावाल्यालाच विचारा.